घासलेला पिस्टन आणि सोइचिरो होंडा

बी ब्लॉकच्या मागच्या सायकल शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी १०० सीसी टू-स्ट्रोक उभी आहे, ती आमची. आम्ही चौघांनी मेसच्या रिबेटचे पैसे साठवून ती घेतली. मडगार्ड, लाइट, इंडिकेटर सगळं उतरवलं, मागे मोठं स्प्रॉकेट टाकलं आणि शहराबाहेर मातीच्या ट्रॅकवर होणाऱ्या एका रेसला नाव नोंदवलं. आदल्या दिवशी प्रॅक्टिसच्या तिसऱ्याच लॅपला इंजिन सीझ झालं. मागचं चाक जागच्या जागी धरलं आणि आमचा रायडर हँडलवरून पुढे उडाला. नशीब, खांद्यावर निभावलं. पुढचा महिनाभर त्याने डाव्या हाताने सबमिशन लिहिलं (म्हणजे आम्ही लिहिलं).

हॉस्टेलवर त्या रात्री जी चर्चा झाली तिचा निकाल एकमताने लागला. बोअर करून देणाऱ्या गॅरेजवाल्या काकांनी पिस्टन टाइट बसवला, त्यांचीच चूक. मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल शेवटी लिहितो.

तो पिस्टन घेऊन मी आय. सी. इंजिन लॅबमध्ये सरांकडे गेलो. कोणी काय केलं हे सरांनी विचारलंच नाही. पिस्टन टेबलावर ठेवून त्याच्यावर काय काय दिसतंय ते एका कागदावर लिहून आणायला सांगितलं, आणि जाताना कपाटातून सोइचिरो होंडा यांच्या आयुष्यावरचं एक जुनं पुस्तक हातात दिलं. मला वाटलं, यशस्वी उद्योगपतीचं चरित्र म्हणजे नेहमीचा मसाला असणार. गरिबी, कष्ट, जिद्द आणि शेवटी यश. वाचायला घेतलं तर ती बरीचशी मोडलेल्या वस्तूंची यादी निघाली. मग लायब्ररीतून मिळेल ते अजून वाचलं. त्यातून हा लेख.

एक खुलासा आधीच करतो. होंडा म्हटलं की आपल्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून या लेखात होंडा म्हणजे कंपनी आणि सोइचिरो म्हणजे माणूस.

सोइचिरोचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानच्या शिझुओका प्रांतात हामामात्सू शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील गिहेई लोहार. पुढे त्यांनी सायकल दुरुस्ती सुरू केली. आई विणकाम करायची. पोरगा अभ्यासात यथातथाच. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला आणि रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचा वास घेत बसला, ही गोष्ट ते म्हातारपणापर्यंत सांगायचे. १९१७ साली हामामात्सूत एका अमेरिकन वैमानिकाच्या विमानाच्या कसरती होत्या. हा गडी वडिलांची मोठी सायकल गुपचूप काढून एवढ्या लांब पोचला, आणि तिकिटाला पैसे कमी पडले म्हणून झाडावर चढून विमान बघितलं.

१९२२ साली टोकियोतल्या आर्ट शोकाई नावाच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात तो उमेदवार म्हणून लागला. पहिले काही महिने काम काय, तर मालकाचं मूल सांभाळायचं. पुढे पाना हातात आला. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर माणसं कमी झाली आणि काम वाढलं, त्यात तो तयार झाला. दुकानाने विमानाचं जुनं कर्टिस इंजिन बसवून रेसिंगची मोटार बनवली, तिच्यावर तो मेकॅनिक म्हणून बसायचा. १९२४ साली त्या गाडीने रेस जिंकली. १९२८ साली मालकाने त्याला हामामात्सूत त्याच नावाची शाखा काढून दिली. वय २१.

धंदा चांगला चालला. त्या काळी मोटारीच्या चाकांच्या आऱ्या लाकडी असायच्या. यांनी ओतीव धातूच्या आऱ्या बनवल्या, त्याचं पेटंट घेतलं. इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हरकत नाही.

आता आपल्या विषयाकडे. दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करून कंटाळले म्हणून सोइचिरोंनी १९३६-३७ च्या सुमारास पिस्टन रिंग बनवायचं ठरवलं. पिस्टन रिंग म्हणजे सेकंड इयरच्या ड्रॉइंगमध्ये आपण दोन समांतर रेघा मारून सोडून देतो ती वस्तू. दिसायला बांगडीसारखी, तीही तुटकी. पण काम बघा. वरचा जळता वायू खाली येऊ द्यायचा नाही, पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीला द्यायची, आणि फोर-स्ट्रोकमध्ये भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली लोटायचं. हे सगळं मिनिटाला हजारो वेळा खालीवर होताना. त्यासाठी रिंग कडक हवी आणि स्प्रिंगसारखी लवचीकही हवी.

सोइचिरोंच्या रिंगा नुसत्या कडक होत्या. दाबल्या की मोडायच्या. त्यांनी रात्र रात्र ओतकाम केलं, काही जमेना. शेवटी हामामात्सूच्या तांत्रिक शाळेतल्या एका प्राध्यापकांना रिंग दाखवली. तपासणीत निघालं की लोखंडात सिलिकॉन कमी पडतंय. बीड ओतताना सिलिकॉन पुरेसं असलं तर कार्बन ग्राफाइटच्या रूपात सुटा राहतो. कमी पडलं तर कडक, काचेसारखं ठिसूळ पांढरं बीड तयार होतं. मटेरियल सायन्सच्या पेपरात हा दोन मार्कांचा प्रश्न आहे. तिशीतल्या, चाळीस-पन्नास माणसं हाताखाली असलेल्या या माणसाला मात्र आपल्याला दोन मार्कांचंसुद्धा येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी काय केलं, तर त्याच शाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातलं. पोरांबरोबर वर्गात बसायचे. पण रिंगेशी संबंध असलेलेच तास करायचे, वह्या लिहायचे नाहीत, परीक्षेला बसायचे नाहीत. शाळेने डिप्लोमा मिळणार नाही असं कळवलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. (हा परिच्छेद वाचून कोणी अटेंडन्सबद्दल एचओडींशी वाद घालू नये. त्यांचा स्वतःचा कारखाना होता, आपला नाही.)

टोकाई सेइकी या त्यांच्या कंपनीने रिंगा बनवायला घेतल्या. हजारोंच्या ढिगातून निवडून ५० रिंगा टोयोटाकडे तपासणीला दिल्या. पास झाल्या ३. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच असावा. एक चांगली रिंग हाताने बनवणं वेगळं आणि हजारावी रिंग पहिलीसारखीच निघणं वेगळं. पुढची दोनेक वर्षं ते विद्यापीठं आणि पोलाद कारखाने पालथे घालत हिंडले. ओतकाम कसं होतं, मशिनिंग कसं होतं हे शिकले. मग माल पास व्हायला लागला. १९४२ साली टोयोटानेच कंपनीत ४० टक्के भाग घेतला. युद्धात पुरुष कामगार सैन्यात गेले आणि मशिनवर बायका आल्या, तेव्हा नवख्या माणसालाही चालवता येतील अशी स्वयंचलित यंत्रं त्यांनी बसवली. निप्पॉन गाक्की नावाच्या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीला विमानाचे लाकडी पंखे कापायचं यंत्रही करून दिलं. हीच कंपनी पुढे यामाहा मोटारसायकलची आई झाली, हे लक्षात ठेवा.

युद्धाने सगळं नेलं. एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी १९४५ च्या भूकंपात. उरलेला भाग त्यांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकला आणि वर्षभर काहीही केलं नाही. दारू पिणे आणि मित्र जमवणे एवढाच कार्यक्रम. घरच्यांना काळजी लागली होती.

१९४६ साली हामामात्सूत एका छोट्या शेडमध्ये ते परत उभे राहिले. लष्कराच्या वायरलेस सेटचे जनरेटर चालवणारी छोटी टू-स्ट्रोक इंजिनं पडून होती, पाचशेच्या आसपास. ती सायकलला बसवायची. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून गरम पाण्याची बाटली वापरली होती, आणि ती सायकल चालवून बघायला बायको साची यांना पुढे केलं. इंजिनं संपली, मग १९४७ मध्ये स्वतःचं ए-टाइप बनवलं. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी रजिस्टर झाली. भांडवल दहा लाख येन, माणसं ३४. १९४९ मध्ये ९८ सीसीची पहिली खरी मोटारसायकल आली, ड्रीम डी-टाइप. तीही टू-स्ट्रोकच. त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा भेटले. त्यांनी पैसा आणि विक्री बघायची आणि सोइचिरोंनी यंत्र, अशी वाटणी झाली आणि ती २४ वर्षं टिकली.

डी-टाइपचा खप बसला. टू-स्ट्रोकचा फटफट आवाज आणि धूर गिऱ्हाइकांना नको झाला होता, आणि खरं तर सोइचिरोंनाही. १९५१ साली १४६ सीसीचं फोर-स्ट्रोक ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन तयार झालं, ई-टाइप. कागदावर ते कियोशी कावाशिमा या तरुण इंजिनियरने उतरवलं होतं. १५ जुलै १९५१ ला भर पावसात त्याच कावाशिमाने ती गाडी हाकोने घाटावर घातली. त्या काळी हा घाट एका दमात चढणं मोटारींनाही अवघड जायचं. मागून सोइचिरो आणि फुजिसावा मोटारीत, आणि पुढची मोटारसायकल त्यांच्या हाती लागेना. वर पोचल्यावर तिघेही भिजत नाचले म्हणतात. कावाशिमा हे नाव ध्यानात असू द्या.

त्या दिवसापासून फोर-स्ट्रोक म्हणजे चांगलं इंजिन, हे सोइचिरोंच्या डोक्यात पक्कं बसलं. कारणंही बरोबर होती. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं फिरतं, पेट्रोल कमी लागतं, आवाज गोड. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण थोडंफार जळल्याशिवायच एक्झॉस्टमधून निघून जातं. इंजिनियरला ते बघवत नाही.

१९५४ साल वाईट गेलं. जुनो नावाची प्लॅस्टिक बॉडीची स्कूटर काढली, ती जड निघाली, आणि झाकलेलं इंजिन तापायला लागलं. मोठ्या ड्रीम गाडीची तक्रार यायला लागली, कार्ब्युरेटरचा दोष निघाला. बाहेरून मागवलेल्या मशिनरीची देणी डोक्यावर. अशा वेळी मार्च महिन्यात कंपनीने जाहीर करून टाकलं की आम्ही इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅनच्या टीटी रेसमध्ये उतरणार. जूनमध्ये सोइचिरो स्वतः ती रेस बघायला गेले आणि गार पडले. तिथल्या गाड्या त्याच आकाराच्या इंजिनातून यांच्या जवळजवळ तिप्पट ताकद काढत होत्या. परत येताना त्यांनी कपडे कमी केले आणि बॅगेत रिम, चेन, कार्ब्युरेटर भरून आणले. एका युरोपियन कारखान्यात जमिनीवर पडलेला फुलीच्या खाचेचा स्क्रू खिशात घालून आणला, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. असा स्क्रू मशिनने पटकन आवळता येतो. तो खिशात घालणं म्हणजे चोरी की शिक्षण, यावर आमच्या रूमवर एक रात्र गेली.

पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, होंडा टीटीत उतरली. टीम मॅनेजर कावाशिमा. १२५ सीसीत सहावा, सातवा, आठवा आणि अकरावा नंबर. जिंकले नाहीत, पण गाड्या शेवटपर्यंत चालल्या म्हणून उत्पादकांचं सांघिक बक्षीस मिळालं. १९६१ मध्ये १२५ आणि २५० दोन्हीत पहिले पाचही नंबर होंडाचे. १९६६ मध्ये ५० पासून ५०० सीसीपर्यंत पाचही वर्गांत उत्पादकांचं विजेतेपद. सगळं फोर-स्ट्रोकवर. २५० सीसीत सहा सिलिंडर आणि मिनिटाला १८,००० फेरे, असलं घड्याळासारखं काम होतं ते.

मध्यंतरी अमेरिकेत एक चांगला धडा मिळाला होता. १९५९ मध्ये तिथे दुकान काढलं, आणि १९६० मध्ये मोठ्या गाड्या ऑइल गळायला आणि क्लच जायला लागल्या. जपानमधले रस्ते छोटे, तिथले लांबलचक. अमेरिकन माणूस तासन्‌तास गाडी जोरात पळवायचा. जपानच्या टेस्टमध्ये हे कधी दिसलंच नव्हतं. बिघडलेल्या गाड्या विमानाने परत मागवल्या, लॅबमध्ये गिऱ्हाईक चालवतं तशा चालवून पुन्हा मोडल्या, आणि सुमारे महिन्याभरात हेड गॅस्केट आणि क्लच स्प्रिंग बदलून पाठवले. तोपर्यंत छोट्या सुपर कबने कंपनीला तारलं. १९५८ ची ही ५० सीसी फोर-स्ट्रोक. हिच्या मालिकेच्या एकूण उत्पादनाने २०१७ साली दहा कोटींचा आकडा गाठला.

आता मातीवर येऊ, कारण आम्ही पडलो ते मातीवरच.

मोटोक्रॉस म्हणजे इंजिनाची सगळ्यात वाईट परीक्षा. सपाट ट्रॅकवर इंजिन एका लयीत चालतं आणि हवा सतत मिळते. मोटोक्रॉसमध्ये उडी मारली की मागचं चाक हवेत मोकळं सुटतं आणि फेरे एकदम वर जातात, जमिनीला टेकलं की चाक जोरात धरतं आणि धक्का चेन, गिअर, क्रँक सगळ्यांना बसतो. चिखलात वेग कमी, म्हणजे थंड करायला वारा नाही, आणि थ्रॉटल मात्र पूर्ण. फिन्समध्ये चिखल भरतो. एअर फिल्टरमधून थोडी जरी बारीक धूळ आत गेली तरी ती रिंगेवर पॉलिश पेपरसारखी काम करते. आणि उड्या मारायच्या तर गाडी हलकी हवी, म्हणजे जाड, दणकट पार्ट टाकून प्रश्न सोडवता येत नाही.

इथे टू-स्ट्रोक राजा होता. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. स्वीडनची हुस्कवार्ना, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड, जर्मनीची मायको, स्पेनची बुल्ताको या गाड्यांनी साठच्या दशकात मैदान गाजवलं. पिस्टन, रिंग लवकर जायच्या, पण संध्याकाळी तंबूत बसून बदलता यायच्या. मग सुझुकी आली. १९७० मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, नंतर सलग आणखी दोनदा. रॉजर डी कॉस्टरने १९७१ पासून ५०० सीसीत तेच केलं. यामाहा तर १९५५ मध्येच, असामा डोंगराच्या ज्वालामुखीच्या राखेवर झालेल्या रेसमध्ये, आपल्या १२५ सीसी टू-स्ट्रोकने होंडाला मागे टाकून बसली होती. हीच ती वाद्यंवाली यामाहा.

आणि होंडा? होंडाकडे सीएल७२ होती, दोन सिलिंडरची फोर-स्ट्रोक. १९६२ मध्ये डेव्ह एकिन्सने ती मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातून जवळजवळ हजार मैल, चाळीस तासांच्या आत नेली. दणकट होती यात वादच नाही. पण वजन दीडशे किलोच्या आसपास. वाळवंट पार करायला ठीक, मोटोक्रॉसच्या उड्यांना नाही. अमेरिकेतली पोरं मोटोक्रॉसच्या मागे वेडी झाली होती आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटारसायकल कंपनीकडे त्यांना द्यायला गाडी नव्हती. कारण एकच. साहेबांना टू-स्ट्रोक आवडत नव्हती.

साहेबांना न आवडणं ही साधी गोष्ट नव्हती. सोइचिरो तापट होते. चुकलेल्या माणसाला ओरडणं, प्रसंगी हात उगारणं, पाना फेकणं हे सगळं झालेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांचे चाहते फार कौतुकाने लिहितात. मला ते कौतुक पटत नाही. आमचे वर्कशॉपचे सरही ओरडतात, पण पाना फेकत नाहीत, आणि तरी जॉब बरोबर येतो. शिवाय असल्या माणसाला तुमचं चुकतंय हे सांगणार कोण?

त्याची किंमतही मोजावी लागली. सोइचिरोंचा आणखी एक हट्ट होता, एअर कूलिंग. पाणी शेवटी हवेनेच थंड करायचं, तर मध्ये पाणी हवं कशाला, असा त्यांचा मुद्दा. १९६८ मध्ये एअर कूल्ड फॉर्म्युला वन गाडी त्यांनी फ्रान्सच्या रुआँ रेसला उतरवली. कंपनीचाच ड्रायव्हर जॉन सर्टीस याने टेस्टनंतर ती चालवायला नकार दिला होता. ७ जुलैला जो श्लेसर हा फ्रेंच ड्रायव्हर त्या गाडीत जळून गेला. बॉडीत मॅग्नेशियम होतं. पुढच्या वर्षी होंडा १३०० ही एअर कूल्ड मोटार आली, ती महाग आणि जड निघाली. संशोधन केंद्रातल्या तरुण इंजिनियरांना दिसत होतं की धुराचे नवे नियम पाळायचे तर सिलिंडरचं तापमान काबूत हवं, आणि त्यासाठी पाणी लागणार. त्यांनी फुजिसावांना गाठलं. फुजिसावांनी सोइचिरोंना सरळ विचारलं की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनियर म्हणून. थोडा वेळ गेला. मग त्यांनी अध्यक्ष म्हणून राहतो असं सांगितलं आणि वॉटर कूलिंगला परवानगी दिली. त्यातून १९७२ चं सीव्हीसीसी इंजिन आलं, ज्याने अमेरिकेचा धुराचा कडक कायदा पाळता येतो हे दाखवून दिलं.

मोटोक्रॉसची टू-स्ट्रोक याच काळातली. इंजिनियरांनी टू-स्ट्रोक सिंगलचे नमुने बनवले, १९७१-७२ मध्ये जपानच्या रेसमध्ये पळवले, मोडले, सुधारले. सोइचिरोंनी मनाविरुद्ध का होईना, होकार दिला. १९७३ च्या मॉडेलची सीआर२५०एम एल्सिनोर बाजारात आली. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरच्या रेसवरून नाव. २४८ सीसी, पाच गिअर, क्रोम-मॉलीची फ्रेम, अॅल्युमिनियमची टाकी, इंजिनाचे केसिंग मॅग्नेशियमचे, वजन शंभर किलोच्या आत. दुकानातून घ्यायची आणि थेट रेसला न्यायची. त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेचं २५० सीसीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी १२५ सीसीचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मार्टी स्मिथ या १७ वर्षांच्या पोराने धाकट्या एल्सिनोरवर घेतलं. १९७९ मध्ये ग्रॅहम नॉइसने ५०० सीसीचं जागतिक विजेतेपदही होंडाला मिळवून दिलं.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे एल्सिनोर जिंकत होती त्याच मोसमात, सोइचिरो आणि फुजिसावा दोघे एकदमच निवृत्त झाले. सोइचिरोंनी मुलाला कंपनीत घेतलं नव्हतं. खुर्ची ४५ वर्षांच्या कावाशिमांना मिळाली, घाट चढवणाऱ्या. नंतर सोइचिरो जपानभरची सुमारे ७०० दुकानं आणि कारखाने फिरून प्रत्येक कामगाराशी हस्तांदोलन करून आले. एक कामगार हात तेलकट आहेत म्हणून धुवायला पळाला, तर त्याला थांबवून त्यांनी तोच हात धरला आणि नंतर आपला हात नाकाशी नेऊन ऑइलचा वास घेतला.

फोर-स्ट्रोकचा हट्ट कंपनीने मात्र सोडला नाही. १९७९ मध्ये ५०० सीसी रोड रेससाठी त्यांनी एनआर५०० बनवली. पिस्टन गोल नाही, लांबट. एका सिलिंडरला आठ व्हॉल्व्ह, दोन कनेक्टिंग रॉड. त्या पिस्टनला रिंगाही लांबट. १९३७ साली गोल रिंग जमत नव्हती त्या माणसाची ही कंपनी! गाडी एकही ग्रांप्री जिंकली नाही. शेवटी १९८२ मध्ये मोटोक्रॉसच्या सिलिंडरवर जे शिकले होते ते वापरून तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक केली, आणि १९८३ मध्ये फ्रेडी स्पेन्सर तिच्यावर जागतिक विजेता झाला.

आपल्याकडचा योगायोग सांगतो. पुण्याच्या फिरोदियांनी ऐंशीच्या दशकात होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली, आपल्या आया-मावश्यांनी सेल्फ स्टार्ट पहिल्यांदा बघितला तो त्या स्कूटरवर. ती टू-स्ट्रोक होती. आणि शंभर सीसीची हिरो होंडा, १९८५ ची, फोर-स्ट्रोक. म्हणजे सोइचिरोंचं आवडतं आणि नावडतं, दोन्ही आपल्या गल्लीत शेजारी शेजारी उभं होतं.

मोटोक्रॉसमध्येही शेवट मजेशीर झाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी यामाहाने फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी आणली, होंडाने २००२ मध्ये सीआरएफ४५०आर, आणि २००७ च्या मॉडेलनंतर होंडाच्या टू-स्ट्रोक सीआर बंद झाल्या. सोइचिरोंचं म्हणणं खरं ठरलं असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्या हलक्या फोर-स्ट्रोकने हे जमवलं ती १९७२ मध्ये त्या वजनात होण्यासारखी नव्हती. आणि आजही ती बिघडली की व्हॉल्व्ह, कॅम, हेड सगळ्याचं बिल येतं. टू-स्ट्रोकला पिस्टन आणि रिंग बदलली की पोरगं परत ट्रॅकवर.

५ ऑगस्ट १९९१ ला सोइचिरो वारले, वय ८४. आपल्या मोठ्या अंत्ययात्रेने रस्त्यावर गाड्या अडतील, मोटारी बनवणाऱ्या माणसाने तेवढं तरी करू नये, म्हणून कंपनीतर्फे अंत्यविधी नको असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

आता आमचा पिस्टन. सरांनी मागितलेला कागद मी तीन दिवसांनी लिहिला. पिस्टन टाइट बसला असता, तर तो तापून फुगल्यावर चार ठरावीक जागी घासल्याच्या खुणा आल्या असत्या. आमच्या पिस्टनवर खुणा चारही बाजूंनी सारख्या होत्या, वरपासून खालपर्यंत कोरड्या, आणि रिंग खाचेत चिकटलेली. ही ऑइल कमी पडल्याची खूण. रेससाठी आम्ही ऑइल पंप काढून टाकला होता आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं ठरलं होतं. लिटरला ३५ मिली. ते मिसळायचं काम माझं होतं. लॅबमधून मोजमापाचा सिलिंडर आणायचा कंटाळा केला आणि कँटीनच्या चहाच्या ग्लासने अंदाजे ओतलं. दुसऱ्या कॅनमध्ये ओतलं की नाही, हे मला त्या दिवशीही नक्की आठवत नव्हतं आणि आजही नाही.

सरांनी कागद वाचला, सही केली, आणि गॅरेजवाल्या काकांना हे माहीत आहे का एवढंच विचारलं. माहीत नव्हतं. गेल्या रविवारी जाऊन सांगून आलो. त्यांनी शिव्या दिल्या, मग चहा दिला, आणि रीबोअरचे पैसे पूर्ण घेतले. तिघा पार्टनरना मात्र हे इथेच, छापील वाचायला मिळतंय. ज्याचा खांदा गेला त्याने मेसमध्ये भेटावं, त्याच्या वाट्याचे पैसे मी देणं लागतो. पण एक तारखेनंतर.